नाना पाटील इंग्रजांना ४४ महिने का सापडले नाहीत? व्हॉट्सॲप कॉल कसा चालतो ते बघा, उत्तर मिळेल

१९४२ च्या पावसाळ्यात सातारा जिल्ह्यात सरकारचं एक काम खूप वाढलं होतं. तुटलेल्या तारा जोडायचं काम.

रात्री कोणीतरी तारायंत्राची नाहीतर टेलिफोनची तार तोडायचं. सकाळी माणसं येऊन ती जोडायची. दोन-चार दिवसांनी तार दुसरीकडे तुटलेली असायची. तार तुटली की कचेरीचा आवाज बंद. पुढच्या गावात काय चाललंय हे मामलेदाराला कळायचं नाही आणि मामलेदार काय म्हणतोय हे जिल्ह्याच्या साहेबाला कळायचं नाही.

याच काळात याच जिल्ह्यात एका माणसाचा आवाज मात्र गावोगाव पोचत होता. त्याच्याकडे ना फोन होता, ना रेडिओ, ना राहायला ठरलेलं घर. सरकारने त्याच्यावर बक्षीस लावलं, जमीन जप्त केली, पण तो सापडला नाही. एक-दोन नाही, तब्बल ४४ महिने.

तो माणूस म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटील.

सरकारकडे पोलीस, तार, टेलिफोन, पोस्ट, रेल्वे असं सगळं होतं. तरी ते आंधळं आणि बहिरं झालं आणि हातात काही नसलेल्या माणसांचा निरोप पोचत राहिला. हे कसं जमलं? गंमत म्हणजे आज आपण इंटरनेटवरून जो कॉल लावतो, त्याच्यामागेही अशीच एक कल्पना आहे. नाना पाटलांनी इंटरनेट बघितलं नाही आणि इंटरनेट बनवणाऱ्यांना येडेमच्छिंद्र माहीत असायचं कारण नाही. पण प्रश्न दोघांपुढे एकच होता. मधली वाट तुटली तरी आवाज पलीकडे कसा पोचवायचा?

तलाठ्याची नोकरी सोडलेला माणूस

नाना रामचंद्र पाटील यांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. जन्म झाला आजोळी, बहे-बोरगावात. त्यांचं गाव येडेमच्छिंद्र, तालुका वाळवा. आज हा भाग सांगली जिल्ह्यात आहे, पण तेव्हा सांगली नावाचा जिल्हाच नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे सगळं सातारा जिल्ह्यात मोडायचं आणि सांगली हे वेगळं संस्थान होतं. त्यामुळे जुन्या गोष्टींत सातारा म्हटलं की त्यात आजची निम्मी सांगली धरायची.

नाना मराठी फायनल झाले आणि तलाठ्याच्या नोकरीला लागले. त्या काळात तलाठी म्हणजे गावातला वजनदार माणूस. सातबारा त्याच्या हातात, सारा त्याच्या वहीत. कोणाच्या रानावर सावकाराचा बोजा आहे आणि कोणाची चूल दोन दिवस पेटली नाही, हे त्याला इतरांच्या आधी कळायचं.

एकीकडे सत्यशोधक चळवळीचे विचार कानावर येत होते, दुसरीकडे गांधीजींच्या चळवळीने जोर धरला होता. १९३० मध्ये सविनय कायदेभंग सुरू झाला आणि नानांनी नोकरीवर पाणी सोडलं. पुढची बारा वर्षं सभा, तुरुंग, सुटका, पुन्हा सभा आणि पुन्हा तुरुंग अशीच गेली.

नानांचं मोठं हत्यार होतं त्यांचा आवाज. माणूस भारदस्त आणि बोली अस्सल वाळव्याची. पुस्तकी मराठीच्या वाटेला ते जायचे नाहीत. बैल, नांगर, पेरणी, सावकार, लग्नातला खर्च असल्या रोजच्या गोष्टींतून ते राजकारण सांगायचे. ज्याला अक्षर येत नव्हतं त्यालाही ते कळायचं आणि ऐकणारा घरी जाऊन चार जणांना सांगायचा.

ही गोष्ट लक्षात ठेवा. नानांचं भाषण सभेत संपायचं नाही. ते माणसामाणसांतून पुढे जायचं.

वडूज, इस्लामपूर आणि भूमिगत आयुष्य

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत चले जावचा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटेच सरकारने काँग्रेसचे सगळे मोठे नेते उचलले. सरकारचा हिशोब सोपा होता. डोकं आत टाकलं की अंग आपोआप थंड पडतं.

साताऱ्यात ते थंड पडलं नाही. तालुक्या-तालुक्यात कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ९ सप्टेंबरला वडूजच्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला. हातात तिरंगा घेतलेल्या परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण गेले. लगेच दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात गोळ्या चालल्या, तिथे दोघांचा जीव गेला.

दोन दिवसांत अकरा माणसं गेली. उघड मोर्चा काढला तर पुढे काय होणार हे आता सगळ्यांना दिसत होतं. कार्यकर्ते भूमिगत झाले आणि नाना पाटीलही दिसेनासे झाले.

आता अडचण बघा. ज्या माणसाची सगळी ताकद त्याच्या आवाजात आहे, त्यालाच लपून राहायचंय. सभा घेता येत नाही. पत्र टाकावं तर पोस्ट सरकारचं. तार करावी तर तारही सरकारची. युद्धाचा काळ असल्याने टपाल उघडून तपासलं जायचं. मग बोलायचं कसं?

तार तुटली की आवाज का बंद व्हायचा?

हे समजायला तेव्हाचा फोन कसा चालायचा ते बघावं लागेल.

जुन्या टेलिफोनमध्ये बोलणाऱ्या दोघांच्या मध्ये एक अख्खी वाट बांधली जायची. तुम्ही रिसीव्हर उचलला की एक्स्चेंजमधला ऑपरेटर विचारायचा, कोण पाहिजे? मग तो तुमची तार त्या माणसाच्या तारेला हाताने जोडून द्यायचा. गाव लांबचं असेल तर तो ट्रंक कॉल. मग या एक्स्चेंजमधून त्या एक्स्चेंजमध्ये, तिथून पुढच्या असं जोडत जावं लागायचं. सगळे सांधे जुळले की बोलणं सुरू.

बोलणं चालू आहे तोवर ती वाट फक्त तुमची. तुम्ही गप्प बसलात तरी ती अडलेलीच. याला सर्किट स्विचिंग म्हणतात.

ही पद्धत वाईट अजिबात नव्हती. आवाज सलग जायचा, मध्ये कोणी घुसायचं नाही. शंभराहून जास्त वर्षं जगाने याच पद्धतीवर गप्पा मारल्या. पण तिच्यात दोन दुखण्याच्या जागा होत्या. एक, वाट ठरलेली असायची. मध्ये एका ठिकाणी तार तुटली की कॉल संपला. दोन, सगळ्या तारा एका एक्स्चेंजमध्ये यायच्या. ते बंद पडलं की त्याच्या खालची सगळी गावं मुकी.

साताऱ्याच्या पोरांनी यावर कुठलं पुस्तक वाचलं नव्हतं. पण सरकारचं दुखणं नेमकं कुठे आहे हे त्यांना कळलं होतं. तार उघड्या माळावरून जाते, खांबाखांबावर पोलीस उभा करता येत नाही आणि तोडायला एक पकड पुरते.

प्रतिसरकारचं जाळं

१९४३ पासून साताऱ्यात प्रतिसरकार उभं राहिलं. नाना पाटील त्याचे नेते, पण सगळा कारभार एका माणसाच्या किंवा एका गावाच्या हातात नव्हता. कुंडल, वाळवा असे भागाभागाचे गट होते. क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर अशी माणसं आपापल्या ठिकाणी काम बघायची. कुंडलला तुफान सेना उभी राहिली. शेकडो गावांत गावकऱ्यांची न्यायमंडळं भरायला लागली. भांडणं गावातच मिटवली जायची, सावकार आणि गुंडांना चाप बसायचा, दारूबंदी व्हायची आणि कमी खर्चात गांधी विवाह लागायचे.

सगळंच गोड होतं असं नाही. दोषी ठरलेल्याला तळपायावर फटके मारायची शिक्षा दिली जायची. या शिक्षेवरूनच पत्री सरकार हे नाव पडलं असं काही जण मानतात, तर काहींच्या मते तो प्रतिसरकार या शब्दाचाच लोकांच्या तोंडी झालेला अपभ्रंश आहे. खबऱ्यांना मिळालेल्या शिक्षा कठोर होत्या आणि त्यावर नंतर टीकाही झाली. १९४४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर गांधीजींनी भूमिगतांना उघड व्हायचा सल्ला दिला, तोही साताऱ्याच्या कार्यकर्त्यांनी मानला नाही.

पण निरोप पोचवण्याचं जे जाळं त्यांनी विणलं, ते सरकारच्या तारांपेक्षा चिवट निघालं. याचं एक कारण भूगोलात होतं.

कृष्णा, वारणा, येरळा या नद्यांचं खोरं आणि पश्चिमेला सह्याद्री. त्यात ब्रिटिश मुलखाच्या मध्ये मध्ये संस्थानांचे तुकडे होते. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण, कोल्हापूर. कुंडल गाव औंध संस्थानात होतं आणि औंधच्या राजांनी १९३९ मध्येच गावांना कारभाराचे हक्क देणारी राज्यघटना लागू केली होती. ब्रिटिश हद्दीतल्या पोलिसाला एका संस्थानातून दुसऱ्यात जायचं तर हद्दीचा आणि परवानगीचा घोळ. रानवाटेने चालणाऱ्या माणसाला असली भानगड नव्हती. एक वाट बंद झाली की तो दुसरी धरायचा.

निरोप माणसं न्यायची. कधी तरणी पोरं, कधी बाजाराला निघालेल्या बायका. नानांची स्वतःची मुलगी हौसाताई हे काम करायची. निरोप पोचवणं, माहिती काढणं, हत्यारं हलवणं. पुढे भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवरा-बायकोचं खोटं भांडण लावून पोलिसांना बाहेर काढण्याच्या प्रसंगात त्याच हौसाताई होत्या. त्या प्रसंगात ठाण्यातली हत्यारं पळवली गेली.

निरोप नेणाऱ्याला सगळा रस्ता माहीत असायची गरज नसते. पुढच्या गावात कोणाच्या हातात द्यायचं, एवढं कळलं तरी निरोप पुढे सरकतो. आणि जेवढं कमी माहीत, तेवढं पकडल्यावर कमी सांगता येतं.

आता याच्याशेजारी इंटरनेट ठेवून बघा.

राउटरलाही फक्त पुढचं गाव माहीत असतं

इंटरनेटवर माहिती पुढे ढकलणाऱ्या यंत्राला राउटर म्हणतात. जगभर असे असंख्य राउटर आहेत. तुमचा कॉल कराडहून लंडनला जाणार असेल, तर पहिल्या राउटरला लंडनपर्यंतची अख्खी वाट पाठ नसते. लंडनकडे जायचं तर पुढच्या कोणाकडे द्यायचं, एवढंच तो बघतो. तो पुढचा त्याच्या पुढच्याकडे देतो. मधला एखादा राउटर बंद पडला तर शेजारचे आपापसांत नवी वाट ठरवतात. ऑपरेटरने अख्खी तार जोडून द्यायची भानगडच नाही.

ही कल्पना नीट मांडली पॉल बरान नावाच्या अमेरिकन इंजिनियरने. साल १९६४. अणुयुद्ध झालं, टेलिफोनची मोठी एक्स्चेंज उडाली, तर देश आपसात बोलणार कसा, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. त्याचं उत्तर होतं की मध्यभागी एक मोठं केंद्र ठेवूच नका. जाळ्याची प्रत्येक गाठ शेजारच्या अनेक गाठींना जोडा आणि निरोपाचे छोटे तुकडे करून पाठवा. जी वाट मोकळी असेल तिकडून तुकडा जाईल. टेलिफोन कंपनीच्या जाणकारांनी हे चालणार नाही म्हणून उडवून लावलं. त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस स्वतंत्रपणे याच उत्तरावर पोचला. या तुकड्यांना पॅकेट हे नाव त्याने दिलं.

आवाजाचे तुकडे करायचे म्हणजे काय?

पत्राचे तुकडे समजू शकतो. पण बोलण्याचे तुकडे कसे करणार?

तुम्ही बोलता तेव्हा हवा थरथरते. फोनचा माइक त्या थरथरीचं वीजेच्या चढउतारात रूपांतर करतो. मग फोन हा चढउतार ठरावीक अंतराने मोजत राहतो. साध्या टेलिफोनच्या दर्जाचा आवाज हवा असेल तर सेकंदाला ८,००० वेळा. प्रत्येक मोजणीचा एक आकडा. म्हणजे तुमचा आवाज आता आकड्यांची लांबलचक माळ झाला.

ही माळ जशीच्या तशी पाठवली तर डेटा फार लागतो. म्हणून कोडेक नावाचा प्रोग्रॅम ती दाबून लहान करतो. मग साधारण २० मिलिसेकंदांच्या बोलण्याचं एक पॅकेट बनतं. एका सेकंदाला अशी ५० पॅकेट. प्रत्येकावर तीन गोष्टी असतात. कुठे जायचंय तो पत्ता, कितवा तुकडा आहे तो क्रमांक आणि तो कधी बोलला गेला ती वेळ. यातल्या पत्त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. व्हॉइस ओव्हर आयपी म्हणजे इंटरनेट प्रोटोकॉलवरून पाठवलेला आवाज.

एका कॉलची पॅकेट बहुतेक वेळा एकाच वाटेने जातात. पण वाटेत गर्दी झाली किंवा एखादी वाट तुटली तर काही तुकडे उशिरा पोचतात, काही मागेपुढे होतात. पलीकडचा फोन आलेलं पॅकेट लगेच वाजवत नाही. क्षणभर थांबतो, क्रमांक बघून तुकडे ओळीने लावतो आणि मग वाजवतो. हे थांबणं फार झालं तर दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात. बोलणं आणि ऐकणं यात १५० मिलिसेकंदांपर्यंतचं अंतर असेल तर ते फारसं जाणवत नाही. त्यापुढे गेलं की खटकायला लागतं.

एखादं पॅकेट पोचलंच नाही तर? फोटो किंवा फाइल असेल तर हरवलेला तुकडा पुन्हा मागवतात. चालू बोलण्यात तसं सहसा करत नाहीत. कारण तो तुकडा परत येईपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असतं, मग शिळ्या आवाजाचा उपयोग काय? फोन आजूबाजूच्या तुकड्यांवरून मधली जागा अंदाजाने भरतो. एखाद-दुसरा तुकडा गेला तर कळतही नाही. बरेच गेले की आवाज रोबोटसारखा तुटक येतो.

थोडक्यात, काही तुकडे हरवणार हे धरूनच ही यंत्रणा बांधली आहे.

साताऱ्याच्या जाळ्यालाही माणसं गमावणं चुकलं नाही. फरक इतकाच की इथे हरवणारा तुकडा म्हणजे जिवंत माणूस होता. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील सांगलीच्या तुरुंगातून साथीदारांसह फुटून बाहेर पडले, त्यांना गोळी लागली आणि ते पुन्हा पकडले गेले. त्याच वर्षी यशवंतराव चव्हाणांना अटक झाली. किसन वीर पकडले गेले आणि १९४४ मध्ये येरवड्याहून निसटून परत कामाला लागले. फेब्रुवारी १९४६ मध्ये पोलिसांशी झालेल्या चकमकीत वाळव्याचे किसन अहिर मारले गेले. प्रत्येक वेळी जाळ्याची एक गाठ सुटली. पण जाळं एका गाठीवर टांगलेलं नव्हतं.

सतत हलणाऱ्या माणसाला शोधायचं कसं?

७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची रक्कम नेणारी गाडी तुफान सेनेने अडवून लुटली. एप्रिल १९४४ मध्ये पार खानदेशात, धुळ्याजवळ चिमठाण्याला सरकारी खजिना लुटला गेला. त्यानंतर सरकारचा शोध आणखी तापला.

नाना एका जागी राहत नव्हते. कधी रानातल्या वस्तीवर, कधी डोंगरात, कधी कोणाच्या माळ्यावर. याच काळात त्यांची आई वारली. पोलीस टपून बसलेले असताना जीव धोक्यात घालून त्यांनी आईचे अंत्यसंस्कार केले. माणूस कुठे आहे हे सरकारला कळत नव्हतं, पण घरची बातमी त्याच्यापर्यंत पोचत होती.

हलत्या माणसापर्यंत निरोप पोचवणं हे इंटरनेट कॉलपुढचंही मोठं कोडं आहे. लँडलाइन भिंतीला खिळलेली असायची, नंबर म्हणजेच जागा. मोबाइलचं तसं नाही. सकाळी घरचं वायफाय, दुपारी एसटीत मोबाइल डेटा, रात्री मित्राचा हॉटस्पॉट. प्रत्येक वेळी आयपी ॲड्रेस बदलतो. म्हणून तुमचा फोन गुपचूप एक काम करत राहतो. तो कंपनीच्या सर्व्हरला कळवत राहतो की मी आत्ता इथे आहे. तुम्हाला कोणी कॉल लावला की सर्व्हर त्या ताज्या पत्त्यावर रिंग पोचवतो. तुम्ही उचलला की दोन्ही फोन कुठला कोडेक वापरायचा ते ठरवतात आणि आवाजाची पॅकेट धावायला लागतात.

म्हणजे कॉल पोचायला तुमचा ठावठिकाणा कोणाला तरी माहीत असावाच लागतो. आपल्या बाबतीत तो कंपनीच्या सर्व्हरला माहीत असतो. नानांच्या बाबतीत तो गावकऱ्यांना माहीत असायचा आणि बक्षीस लागलेलं असूनही गावकऱ्यांनी तोंड उघडलं नाही. बक्षीस घेणाऱ्याचं एका दिवसात भलं झालं असतं. तरी ४४ महिने नाना सापडले नाहीत, हे या गोष्टीतलं सगळ्यात अवघड आणि कुठल्याही यंत्राने न होणारं काम आहे.

उघड झाल्यावरची तीस वर्षं

१९४६ मध्ये नाना पाटील उघडपणे लोकांसमोर आले. पुढच्याच वर्षी स्वातंत्र्य आलं. १९४९ मध्ये साताऱ्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि संस्थानांचा मुलूख मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं.

सत्तेच्या खुर्चीजवळ जायची संधी असलेल्या त्या काळात नानांनी दुसरी वाट धरली. ते शेतकरी कामगार पक्षात गेले, नंतर कम्युनिस्ट पक्षात. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा आवाज पुन्हा मैदानांवर घुमला. १९५७ मध्ये साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये बीडमधून ते लोकसभेवर निवडून गेले. एकेकाळी सरकार ज्याला शोधत होतं तो माणूस आता देशाच्या संसदेत बसून शेतकऱ्यांची बाजू मांडत होता.

तिकडे अमेरिकेत बरानच्या कल्पनेला दिवस आले होते. १९६९ मध्ये अर्पानेट हे पॅकेटवर चालणारं जाळं सुरू झालं. १९७४ मध्ये त्यावरून माणसाचा आवाज तुकडे करून पाठवण्याचे प्रयोग यशस्वी झाले. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरचं बोलणं दुसऱ्या किनाऱ्यावर ऐकू आलं. नाना तेव्हा ७४ वर्षांचे होते. त्यांच्या भागात ट्रंक कॉल लावून वाट बघत बसायचे दिवस अजून चालूच होते.

६ डिसेंबर १९७६ ला नाना पाटील गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे वाळव्यात अंत्यसंस्कार झाले.

जाळं विखुरलेलं, पण चावी कोणाकडे?

आज सातारा-सांगलीत इंटरनेटवरचा कॉल म्हणजे नवलाई राहिलेली नाही. दुबईतला मुलगा विट्याच्या आईशी रोज व्हिडिओवर बोलतो. फोर-जीवरचा साधा कॉलसुद्धा व्होएलटीईमुळे पॅकेटमधूनच जातो.

पण बरानने जे केंद्र काढून टाकायला सांगितलं होतं, ते मागच्या दाराने परत आलंय. पॅकेट वाहणारं जाळं विखुरलेलं आहे, पण कोण कुठे आहे हे सांगणारी वही मोजक्या कंपन्यांकडे आहे. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास बंद पडले. समुद्राखालची केबल कोणी तोडली नव्हती. कंपनीच्या आतच देखभालीच्या वेळी एक चुकीची कमांड गेली आणि तिच्या सर्व्हरकडे जायच्या वाटाच इंटरनेटच्या नकाशावरून गायब झाल्या. राउटर ठणठणीत होते, त्यांना फक्त पुढचं गाव सापडत नव्हतं.

दुसरी चावी सरकारकडे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सोशल मीडियावरच्या पोस्टवरून खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत हिंसाचार झाला आणि सातारा जिल्ह्यात इंटरनेट बंद करण्यात आलं. १९४२ मध्ये सरकारचा आवाज बंद करायला रानातून खांबापर्यंत जावं लागायचं. आता जिल्ह्याचा आवाज बंद करायला एक आदेश पुरतो.

पुसेसावळीच्या प्रकरणातून आणखी एक गोष्ट दिसते. राउटरला पॅकेटच्या आत काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं. आईची चौकशी असो की पेटवणारी अफवा, तो दोन्ही सारख्याच वेगाने पुढे ढकलतो. ते बरोबरच आहे. प्रत्येक राउटर आतलं वाचायला लागला तर कोणाचंच बोलणं खासगी राहणार नाही.

पण साताऱ्याच्या त्या जाळ्यात निरोप पुढे नेणारी माणसं होती. काय न्यायचं, कोणाकडे द्यायचं आणि कुठे गप्प बसायचं हे ती ठरवत होती. नाना पाटील ४४ महिने वाचले ते त्या माणसांच्या बोलण्याने जितके, तितकेच त्यांच्या गप्प बसण्याने. फॉरवर्डच्या बटणावर आपला अंगठा असतो तेव्हा त्या जाळ्यातली एक गाठ आपण असतो, आणि राउटरला जे ठरवता येत नाही ते आपल्याला ठरवता येतं.